व्यायामाला वेळ नाही? मग तो कामातूनच काढायचा



आपल्या वर्कशॉपमध्ये शेवटी प्रश्न विचारायला वेळ ठेवतो, तेव्हा जीएसटी, लोन, मार्केटिंग यांच्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "सर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा नोकरी. घरी आल्यावर स्वतःचं काम, पॅकिंग, ऑर्डरी. रात्री अकरा वाजतात. तब्येतीकडे बघायला वेळ कुठून आणायचा?" विचारणारा बहुतेक वेळा पस्तिशीचा असतो, पोट थोडं सुटलेलं असतं आणि तो खुर्चीतून उठताना कमरेला हात लावून उठतो. मी ते लगेच ओळखतो. एके काळी मीही तसाच उठायचो.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी माझं कराडला कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं. एकट्याचं. २०१३ चा जुलै महिना, ॲडमिशनचा सीझन, दुकानासमोर रांग. कागद संपला म्हणून मी स्टुलावर बसल्या बसल्याच खाली वाकलो आणि अंग वळवून दहा रिमचा बॉक्स ओढला. तेवीस-चोवीस किलोचा बॉक्स. कमरेत कट् झालं आणि डाव्या पायात पार पोटरीपर्यंत वीज गेली. रांगेतल्या दोन पोरांनी मला उचलून रिक्षात घातलं.

सतरा दिवस दुकान बंद. आता याचा हिशोब मांडून दाखवतो, कारण हिशोब मांडल्याशिवाय आपल्याला काही पटत नाही. सीझनमध्ये कागद-टोनरचा खर्च जाऊन दिवसाला अठराशे रुपये सुटायचे. सतरा दिवसांचे तीस हजार सहाशे गेले. गाळ्याचं भाडं चालू, मशीनचा हप्ता चालू. पण खरा फटका वेगळाच होता. एका क्लासच्या नोट्सचं वर्षभराचं काम माझ्याकडे असायचं, साधारण चाळीस हजारांचं. तो माणूस दोन दिवस थांबला आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात गेला. त्याचं काय चुकलं? त्याची पोरं नोट्ससाठी अडली होती. तो परत माझ्याकडे कधीच आला नाही.

मोठ्या कंपनीत मॅनेजर आजारी पडला तर दुसरा बसतो. आपल्या धंद्यात मालक, मॅनेजर, हमाल, कॅशियर सगळं एकच शरीर असतं. झेरॉक्स मशीनची एएमसी मी दर वर्षी न चुकता भरत होतो. दिवसाचे बारा तास ते मशीन चालवणाऱ्या कमरेकडे मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

लंडनच्या बसमधली गोष्ट

"व्यायाम म्हणजे सकाळी उठून जिम किंवा ग्राउंड, आणि ते जमत नसेल तर काहीच नाही," असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ते खोडून काढायला एक गोष्ट सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेरेमी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरला प्रश्न पडला होता की हृदयविकार एवढा का वाढतोय. त्याने लंडनच्या डबल डेकर बस बघितल्या. एकाच बसवर दोन माणसं: ड्रायव्हर आणि कंडक्टर. एकच कंपनी, साधारण एकच पगार, एकाच पद्धतीची वस्ती, बाहेरची हवाही तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिन्यावरून खाली-वर. कंडक्टरच्या दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या होत. मॉरिसने हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली ते निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, आणि झाला तरी उशिरा आणि कमी तीव्रतेचा.

लोकांनी शंका काढली की जाडी माणसंच मुळात ड्रायव्हर होत असतील. हा गडी इतका पक्का की त्याने युनिफॉर्मच्या पँटींची मापं काढली! आणि खरंच, ड्रायव्हरांची कंबर मोठी होती. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण त्याने पोस्टातही हाच अभ्यास केला होता. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन विरुद्ध टेबलावर बसणारे क्लार्क. तिथेही चित्र तेच.

आपल्या कामाचा मुद्दा असा की तो कंडक्टर काही पहाटे पाचला उठून पळायला जात नव्हता. त्याच्या कामातच हालचाल होती, आणि शरीराने ती मोजली. शरीराला ट्रॅकसूट दिसत नाही. पाय चालले का, छाती जोरात भरली का, एवढंच त्याला कळतं.

किती लागतं? आणि ते दहा हजार पावलांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन दिलं, ते सोपं आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. जोरदार असेल, म्हणजे पळणं, चढ चढणं, तर ७५ ते १५० मिनिटं पुरतात. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. निवांत गाणं म्हणत चालत असाल तर ती शतपावली. चांगलीच आहे, पण तिला यात धरू नका.

या मार्गदर्शनात एक बदल झाला जो आपल्यासारख्यांसाठी फार मोलाचा आहे. आधी अट होती की सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत, तरच ती हालचाल धरायची. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे चार मिनिटांचा जिना, सहा मिनिटांचं झपाझप चालणं, सगळं जमेस धरायचं. किरकोळ विक्रीसारखंच आहे हे. एकदम पाच हजारांचं गिऱ्हाईक रोज येत नाही, पण वीस-वीस रुपयांचा गल्ला संध्याकाळी मोजला की भरतो.

आणि दहा हजार पावलं? मित्रांनो, ही मूळची मार्केटिंगची कमाल आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र आणलं आणि नाव ठेवलं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल आकडा, लक्षात राहणारं नाव. प्रॉडक्टचं नाव कसं ठेवावं यासाठी मी हे उदाहरण वर्कशॉपमध्ये देतो. पण तो आकडा काही प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. अभ्यास वयस्कर बायकांचा आहे, तरुण माणसाने जास्त चालावं. पण मोबाइलवर ४,८०० दिसले म्हणून "आज फुकट गेला" असं म्हणू नका. शून्यावरून चार हजारांवर येणं हीच सगळ्यात मोठी कमाई आहे.

जेवण झालं की लगेच बसता?

२०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास आला. त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. दुकानदार, ऑफिसवाले, ड्रायव्हर, म्हणजे आपण, त्यातच आहोत.

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. ती साखर खपवणारं शरीरातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि त्यात मांड्या-पोटऱ्या सगळ्यात मोठ्या. स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. पोळी-भात खाऊन आपण गादीवर किंवा खुर्चीत बसलो की हे गिऱ्हाईक झोपलेलं, आणि माल रक्तात पडून. म्हणून दिवसात एकच वेळ मिळणार असेल, तर मी म्हणेन जेवणानंतरची दहा मिनिटं धरा. दुकानाबाहेर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन या. कंपनीत असाल तर कँटीनमधून सरळ खुर्चीकडे न जाता शेडला एक चक्कर मारा.

जाता जाता चहाचं. दिवसाला आठ कप, कपात दोन चमचे साखर. सोळा चमचे झाले, सत्तर ग्रॅमच्या आसपास. गिऱ्हाइकाबरोबर चहा घ्यावा लागतो हे मलाही माहीत आहे. अर्धा कप घ्या, पुढे सरकू.

तुमचं काम कुठलं, त्यावर ठरतं

इंटरनेटवरचे सगळे सल्ले ऑफिसात बसणाऱ्यांसाठी असतात. आपल्याकडे कापड दुकानवाला गादीवर बसतो, वडापाववाला बारा तास उभा असतो, टेलर ताई मशीनवर वाकलेली असते. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

आधी बसून काम करणारे. तुमच्या दुकानात किंवा टेबलावर सगळं हाताशी असेल, तर तेच बदला. आपण दुकान लावताना 'उठायला लागू नये' असं लावतो. मी कमरेच्या त्या प्रकरणानंतर उलटं लावलं. स्टेपलर, बिलबुक हाताशी ठेवलं, पण कागदाचा स्टॉक मागच्या भिंतीला आणि पाण्याची बाटली दाराजवळ. दोन लिटरची बाटली काढून अर्ध्या लिटरची ठेवली, म्हणजे भरायला उठावंच लागतं. दुसरं, फोन. उधारीच्या वसुलीचे फोन मी उभं राहून, फेऱ्या मारत करायला लागलो. खरं सांगतो, बसून मागितलेली उधारी आणि उभं राहून मागितलेली उधारी यात आवाजाचाही फरक पडतो! सप्लायरचे, बँकेचे, क्लायंटचे फोन धरले तर दिवसात चाळीस-पन्नास मिनिटं सहज होतात. त्यातले निम्मे चालत झाले तरी खूप झालं. मात्र रस्त्यावर नको, दुकानात नाहीतर गॅलरीत.

टेलरिंग, लॅपटॉप, हिशोब अशी वाकून करायची कामं असतील तर अर्ध्या तासाने एकदा उठा. एक ब्लाउज संपला, उठा. एक बिल टाइप झालं, उठा. घड्याळ लावण्यापेक्षा कामाच्या तुकड्याला बांधलेलं उठणं टिकतं. घड्याळाचा अलार्म आपण बंद करतो हो.

आता उभे राहणारे. वडापाव, ज्यूस, सलून, पोळी-भाजी केंद्र, कापड दुकानातला काउंटर. हे लोक म्हणतात, "सर, आम्ही दिवसभर उभेच, आम्हाला कशाला व्यायाम?" इथे गफलत होते. उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. पायातलं रक्त वर हृदयाकडे जायला पोटरीचे स्नायू दाबले जावे लागतात. आपण चालतो तेव्हा पोटरी पंपासारखं काम करते. एका जागी उभं राहिलं की पंप बंद, रक्त खाली साठतं, संध्याकाळी पाय सुजतात, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर पायावर निळ्या गाठाळ शिरा दिसायला लागतात. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या किती ताईंच्या पायावर मी त्या बघितल्यात. त्या साडीचा काठ खाली ओढून घेतात आणि म्हणतात, "वयाने होतं."

तर उभ्या माणसाने काय करायचं? टाचा उचला-टेकवा, वीस वेळा. तवा तापेपर्यंत होतं. एक पाय आलटून-पालटून वीतभर उंच पाटावर किंवा विटेवर ठेवा, कंबर सैल पडते. सिमेंटच्या फरशीवर उभे असाल तर खाली जाड रबरी मॅट टाका. चपलेत पैसे वाचवू नका, फ्लॅट रबरी स्लीपर बारा तास घालायची चीज नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसा, बिनधास्त बसा. आपल्याकडे मालक बसलेला दिसला की आळशी वाटतो. वाटू दे. आणि घरी गेल्यावर दहा मिनिटं पाय भिंतीला वर लावून पडा.

ओझं उचलणाऱ्यांसाठी, म्हणजे किराणा, सिमेंट, कागद, भाजी. माझी चूक करू नका. उचलायच्या आधी वस्तूसमोर सरळ उभे राहा, गुडघ्यात वाका, बॉक्स पोटाला चिकटवून घ्या, मग पायांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पाय वळवा, कंबर नाही. वाकणं आणि वळणं एकदम करून ओझं ओढलं, की माझ्यासारखं रिक्षात बसावं लागतं. जड माल खालच्या नाही, कमरेच्या उंचीच्या फळीवर लावा. ही एक फळी बदलायला मला तेव्हा सहाशे रुपये लागले.

नोकरी सांभाळून धंदा करणारे

तुमच्यापैकी बरेच जण या टप्प्यावर आहेत, आणि सगळ्यात जास्त ओढाताण यांचीच होते. आपल्या बॅचमधली एक ताई, नाव सांगत नाही, चाकणला एका कंपनीत क्वालिटीच्या डेस्कवर. संध्याकाळी घरी मसाल्याचं काम: भाजणं, दळून आणणं, पाव किलोची पाकिटं. तिने नवीन वर्षाला जिम लावली होती, वर्षाची फी एकदम भरून. अकरा दिवस गेली. यावर माझं मत स्पष्ट आहे. एक रुपयाची विक्री व्हायच्या आधी वर्षाचं भाडं भरू नका असं मी दुकानाबद्दल सांगतो, तेच जिमलाही लागू. आधी एक महिना फुकटात करून दाखवा, मग फी भरा.

दुसरं, तिने पहाटे साडेचारला उठायचं ठरवलं होतं. झोपायची साडेअकराला. पाच तासांच्या झोपेतून आणखी कापायचं आणि त्याला आरोग्य म्हणायचं? हे मला अजिबात पटत नाही. झोप कापून व्यायाम करू नका. दोन आठवड्यांत दोन्ही सुटतं, आणि मसाला भाजताना डुलकी लागली तर मालही जळतो.

मग आम्ही तिचा दिवस कागदावर मांडला. घर ते कंपनीच्या बसचा स्टॉप, रिक्षाने जायची. चालत नऊ मिनिटं. जाता-येता अठरा, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १०८ मिनिटं. दुपारी जेवल्यावर दहा मिनिटं शेडभोवती, सहा दिवस, ६० मिनिटं. बेरीज १६८. दीडशेचं टार्गेट पार झालं, तेही वेगळा वेळ न काढता. उलट रिक्षाचे पैसे वाचले. अट एकच, स्टॉपवर जाताना बस सुटतेय अशा चालीने चालायचं. पॅकिंग जमिनीवर बसून वाकून करायची, ते तिने ओट्यावर उभ्याने सुरू केलं, आणि पंचवीस पाकिटं झाली की डबे आत नेऊन ठेवायचे.

मुंबईत लोकलने जाणाऱ्यांचं तर निम्मं काम रेल्वेच करून घेते. पूल चढा, सरकता जिना सोडा. पुण्यात बाइक दोन गल्ल्या अलीकडे लावा, तशीही दारात पार्किंग मिळत नाही.

ताकदीचं काय? औंधच्या राजाकडे जाऊ

चालण्याने दम वाढतो, वजन-साखरेला मदत होते. पण कंबर, खांदे, मांड्या यांची ताकद तेवढ्याने येत नाही. "मी दिवसभर पळतोच की," म्हणणारा माणूस इथे अडकतो. दगदग होते, थकवा येतो, पण स्नायू बळकट होत नाहीत. चाळिशीनंतर ते आपोआप कमी व्हायला लागतात, म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचं काम हवंच.

यासाठी यंत्रं लागत नाहीत. आपल्या सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रचार केला की संस्थानातल्या शाळांमध्ये तो सक्तीचा होता. उद्योजक मित्रांनो, हेच ते राजे ज्यांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओगल्यांचा काचेचा कारखानाही त्यांच्याच संस्थानात, आमच्या कराडजवळ, ओगलेवाडीला. छोट्याशा संस्थानाचा राजा, पण नांगराचा कारखाना आणि नमस्कार, दोन्हीकडे त्याचं सारखंच लक्ष होतं. मला हा माणूस फार आवडतो.

बारा नमस्कार, सावकाश, साधारण सहा मिनिटं. त्यात हात, खांदे, पाठ, मांड्या सगळं आलं. त्याला पंधरा बैठका जोडा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, दहा वेळा. दंड जमत नसतील तर भिंतीला हात टेकून मारा, लाज कसली? पहिल्या आठवड्यात चारच नमस्कार घाला. एकदम पंचवीस घालून दुसऱ्या दिवशी शटर उचलता येत नाही असे पराक्रम मी केलेत.

आणि हे वाचताना काही जणांनी थांबायचं आहे. चालताना छातीत दाब येतो, दम लागून घाम फुटतो, चक्कर येते. किंवा बीपी, शुगर, हृदयाचा त्रास आधीच आहे. किंवा कंबरेतून पायात मुंग्या, बधिरपणा आहे. तर आधी डॉक्टर, मग नमस्कार. मला डॉक्टरांनी पहिले दोन दिवस आराम दिला आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवून घरातल्या घरात चालायला लावलं. मला वाटलं होतं महिनाभर पडून राहायचंय. त्यांनी सांगितलं, पडून राहिलास तर कंबर आणखी आखडेल. पण हे माझ्या कमरेसाठी होतं. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वही ठेवा

विक्रीची वही ठेवतो तशी याचीही एक ओळ ठेवा. रोज रात्री गल्ला मोजताना त्याच पानाच्या खाली: किती मिनिटं चाललो, नमस्कार घातले का. बस्स. आठवड्याची बेरीज रविवारी. मी एकच नियम पाळतो. एक दिवस नागा झाला तर चालेल, सलग दोन दिवस नाही. सीझनमध्ये, दिवाळीत, लग्नसराईत १५० होणार नाहीत हे गृहीत धरा. तेव्हा साठ झाली तरी साठ लिहा. शून्य लिहायला लागू नये एवढंच बघा.

उद्या तुमच्याकडे दोन माणसं कामाला लागतील तेव्हाचंही आत्ताच ठरवून ठेवा. काउंटरमागे एक स्टूल हवंच. कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यावर केरळने २०१८ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय आणि मुभा देणारी कायद्यातली दुरुस्ती केली, आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केली. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? स्टूल चारशे-पाचशे रुपयांत येतं.

मसाल्यावाल्या ताईने मागच्या महिन्यात वहीचं पान पाठवलं. चार आठवडे: १४०, १६८, ९५, १५२. तिसऱ्या आठवड्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'नणंदेचं लग्न, तीनशे पाकिटं.' आणि त्याखाली पेनने एक ओळ: 'जिमची राहिलेली फी परत मागितली, देत नाहीत.'